कापसाच्या दिवसातली मेंदी

त्या वर्सी कापूस एकदमच फुटला. दसऱ्याच्या आंगंमांगं चार रोज पानी लागलं, मंग कडक ऊन पडलं, अन् साडेतीन एकराची पऱ्हाटी तीन दिवसात पांढरीफट झाली. पाहाले लय बरं वाटते हो, पन वेचाले मानूस भेटन तं ना! गावातल्या बाया सकाळीच जीपा भरभरून दुसऱ्या गावाले जायच्या. मी घरोघर फिरली. कोनी म्हने परवा पाहू, कोनी म्हने आमचंच उरकू दे आधी. अन् रोज दुपारी आभाळ काळं करून याचं.

आमच्या घरात मानसं चार. बाप पुंजाजी, त्याचे गुडघे गेलेले, त्याले पऱ्हाटीत वाकता येत नाई. भाऊ चंद्रशेखर चिखली ते अमडापूर जीप चालवते, वावरात पाय टाकत नाई. तिसरी मी, केसर. अन् चौथी प्रेरणा, चंद्रशेखरची पोरगी, दहा वर्साची, पाचवीत. मंग मी काय करू? सोमवारी सकाळी तिचं दप्तर मीच खुंटीले लटकवलं. तिच्याच जुन्या फराकची लहानशी ओटी शिवली, कापूस टाकाले, अन् तिच्या कमरेले बांधून देल्ली.

"आठ रोज," मी म्हनलं. "मंग जाजो शाळेत."

तिनं ओटीची गाठ तेवढी घट्ट केली. प्रेरणा बोलतच नव्हती. तिथंच तं सारं अडलं होतं.

तिची माय प्रतीक्षा दोन वर्सांमांगं घर सोडून लोनारले माहेरी गेली. तिथं बसस्टँडजवळ एका दुकानात ब्लाऊज शिवते. नवराबायकोचं पटलं नाई, हे गावाले माहीत. पन खरं सांगते, आता लपवून काय करू, तिच्या जान्यात माहा बी वाटा हाय. मी नवऱ्यानं टाकलेली, एकोनीस वर्साची माघारी आली, तवापासून या घरची चूल माही. ही नवी नवरी आली अन् मी तिले चुलीजवळ सुखानं बसू देल्लं नाई. भाकर जाड झाली, वरनात मीठच नाई, हे असं दहा वर्सं चाललं. ती गेली त्या दिवशी चंद्रशेखर म्हने, तू जा, पोरगी नाई भेटत. पोरगी माह्या वाट्याले आली. अन् मले बरं वाटलं. वाटलं म्हंजे वाटलं, काय करता.

मंग बुलढान्याच्या कोर्टात केस लागली, पोरगी कोनाजवळ राहीन म्हनून. तारखेच्या आदल्या दिवशी माय फोनवर सांगे, "बेटा, खरं खरं बोलजो." तारखेच्या दिवशी तिचा बाप जीपमधी सांगे, "बाबाजवळ राहतो म्हन, बस." मी बी भाकर बांधून देता देता तेच सांगो. मांगच्या तारखेले जज्जबाईनं तिले जवळ बोलावून इचारलं, तुले कोनाजवळ राहाचं? पोरीनं बापाकडं पाह्यलं, मायकडं पाह्यलं, अन् भडभडा तिथंच ओकली. माह्याच लुगड्यानं मी ती फरशी पुसली, साऱ्या कोर्टासमोर.

तवा जज्जबाईनं पोरीले येगळी वकील देल्ली.

"पोरीले वकील?" माहा बाप खाटेवरून म्हने. "ती काऊन? ती का कोनावर दावा लावून राह्यली?"

"ती वकीलबाई घरी येनार हाय शुक्रवारी," चंद्रशेखर म्हने. "पोरीसंग एकटीसंग बोलनार. आपला वकील म्हने, शाळा रोज चालू हाय असं सांगा. घर साफ ठेवा."

हे झालं बुधवारी. तवा शाळा बुडून दहा दिवस झाले होते. आठाचे दहा कधी झाले, मले कळलं बी नाई. मी तिले म्हनलं, "हात दाखव." पऱ्हाटीच्या बोंडाची टोकं वाळली का सुईवानी होतात. मोठ्या बाईचे हात निबर असतात, चालून जाते. हिची बोटं नखापाशी फाटली होती, चिरांमधी काळा मळ भरलेला, एका आंगठ्याले पू धरू राह्यला होता. खोबरेल लावलं. हळद लावली, तं अजूनच दिसाले लागलं. कोर्टाची बाई येईन अन् पह्यले हातच पाहीन. हे हात पाह्यले का पोरगी गेली.

गुरुवारी अमडापूरहून मी मेंदीचे दोन कोन मांगवले. दिवेलागनीले ओट्यावर बसून तिचे हात मांडीवर घेतले.

"आत्या, कोनाचं लगन हाय?"

"कोनाचं नाई. हौस."

मेंदी चिरेत गेली तसा तिचा आंगठा आखडला. मी थो सरळ केला. फूल नाई, पान नाई, मोर नाई, भिंत लिंपतो तसे दोन्ही हात लिंपले, बोटाच्या टोकापर्यंत. ती खालचा ओठ दातात धरून बसली होती. डोळ्यात पानी तरारलं, पन हू का चू नाई. मले समजत नव्हतं का? समजत होतं. तरी मी कोन दाबत राह्यली.

शुक्रवारी दुपारी ती आली. स्कूटीवर, एकटीच. तीसच्या आतली पोरगी, काळा कोट घडी करून पिशवीत.

"मी अलफिया. प्रेरणाची वकील."

माह्या बापानं खाटेवरूनच तिले खुर्ची दाखवली अन् पह्यला सवाल तोच केला, जो थो साऱ्याईले करते. "कोन्या गावची वं तू?"

"चिखलीची. पण आजोबा इथले, अमडापूरचे. रहेमतुल्ला पिंजारी."

बाप खाटेवरून उठला. दोन महिन्यात थो कोनाचा हात न धरता उठला नव्हता. "आरे! रहेमतुल्लाची नात! माह्या लग्नाची गादी त्यानं पिंजली. या केसरच्या बाळंत्याची बी. या घरात त्याच्या हातच्या कापसावर न झोपलेलं एक मानूस नाई! तू तं घरचीच निघाली बापा!" अन् चंद्रशेखरकडं पाहून असा हसला, का झालं काम.

मंग त्यानं मलेच हाक मारली, "केसर, ताजा कापूस भर एका पोत्यात. पोरीच्या दोन गाद्या होतीन." मी भरला. चंद्रशेखरनं पोतं स्कूटीवर बांधलं बी. तिनं चहा घेतला, बाहेर आली, अन् मुकाट्यानं दोरी सोडून पोतं ओट्यावर ठेवलं.

"बाबा, आजोबा तुमचे होते, हे खरं," ती म्हने. "पण मी तुमची वकील नाही. चंद्रशेखरभाऊंची नाही, प्रतीक्षाताईंची पण नाही. माझं अशील ते." अन् तिनं दाराआड उभ्या प्रेरणाकडं बोट केलं.

पोरीनं मान वर केली. बाप पोत्यावर हात ठेवून तसाच उभा राह्यला. त्याचं तोंड पाहून मलेच लाज वाटली.

"म्याडम, दहा वर्साची हाय ती," चंद्रशेखर म्हने. "तिले काय समजते?"

"तेच विचारायला आले."

आता एकटीनं बोलाचं तं कुठं? घरात दोन खोल्या. एकीत बाप खोकलते, दुसरीले दारच नाई. तं प्रेरणा म्हने, "वावरात."

वावरात नोको, मी म्हननार होती. पन ती निंगाली बी, खुंटीवरची आपली ओटी घेऊन, अन् ती वकीलबाई तिच्या मांगं. पान्याचा गडवा घेऊन मी बी निंगाली, बाई म्हने, "तुम्ही थोड्या लांब थांबा." मी सहा ओळी सोडून वेचाले लागली.

पोरीनं सवयीनं ओटी बांधली. वकीलबाई वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसली, मंग उठली अन् तिच्या बाजूच्या ओळीत तिच्यासंग वेचू लागली. हात चालू झाले अन् पोरीचं तोंड चालू झालं. मले ऐकू काईच येत नव्हतं. दिसत होतं. वटवट, वटवट. मधात थांबे, बोंडातला कापूस काढे, अन् पुन्हा बोले. एकदा हसली. दोन वर्सात माह्यासंग ती इतकं बोलली नसंन. चुलीपाशी, न्हानीपाशी, झोपताना, मी तिले इचारलं तरी काय होतं? जेवली का? झोपली का? मायचा फोन आला तं काय म्हने? एका जागी वकीलबाईनं तिचे हात धरले, उलटे केले, सुलटे केले, अन् सोडून देल्ले.

मले एकोनीस वर्साची केसर आठवली. पारावर पाच मानसं बसली होती, माहा बाप त्यातलाच एक. नवऱ्यानं दुसरी आनली, हिले सासरी ठेवाचं का माहेरी धाडाचं, हे चाललं होतं. मी घरात दाराले कान लावून. मले कोनी इचारलं नाई. पानी मांगाले सुद्धा आत कोनी आलं नाई. अन् आता या पोरीसाठी कोर्ट बाई धाडते! जळली मी. दहा वर्साच्या पोरीवर जळली, हे सांगाले बी लाज वाटते.

निंगताना वकीलबाई धुऱ्यावर माह्याजवळ थांबली. तिच्या बोटाले दोन ठिकानी रक्त आलं होतं.

"मेंदी छान रंगली. कोणी काढली?"

"मी."

"सण नाही, लग्न नाही."

"हौस," मी म्हनलं.

तिनं माहे हात पाह्यले. ते तं तसेच उघडे होते.

"तिनं काय सांगतलं?" मी इचारलं. राहवलंच नाई.

"ते तिचं आहे, ताई. तिनं मला कोर्टात सांगू दिलंय तेवढं सांगेन. बाकीचं माझ्यापाशी राहील."

"असं असते?"

"असंच असतं," ती म्हने, अन् हेल्मेट घातलं.

तारीख दिवाळी झाल्यावरची होती. मधात पोरीले मी शाळेत धाडलं, पन बारा दिवस जे गेले ते गेले. कापूस मी एकटीच वेचत राह्यली. मांड्या भरून याच्या, रातच्याले कूस बदलता येत नव्हती. पोरीचा आंगठा बरा झाला. मेंदी नखाले तेवढी लाल राह्यली. अन् मी रोज एकच इचार करो, ती बाई कोर्टात हाताचं सांगन.

बुलढान्याले आम्हाले एका बंद खोलीत नेलं. अशा केसी साऱ्याईसमोर चालवत नाई म्हने. पोरीसंग म्हनून मले बसू देल्लं. समोर प्रतीक्षा, वाळून गेलेली, चश्मा लागलेला. तिनं माह्याकडं पाह्यलं नाई, अन् मी तिच्याकडं पाहत होती तं खाली पाह्यलं.

अलफिया वकील उभी राह्यली. "मॅडम, प्रेरणाला आईजवळ राहायचं आहे. शाळा लोणारला. ती कोणावर रागावून हे सांगत नाहीये."

"पढवलं तिले!" चंद्रशेखर बसल्या जागचा उठला. त्याच्या वकिलानं त्याले बसवलं अन् स्वतः बोलू लागला. पोरीले घरी दूधदुभतं, मोकळं आंगन, शाळा एक दिवस चुकत नाई, आत्या मायपेक्षा जास्त करते, मंग त्या घरात तिले तरास तरी कोनता? हाय का काई? असंन तं सांगाव.

जज्जबाई अलफियाकडं वळली. "काही त्रास?"

तिनं एकदा प्रेरणाकडं पाह्यलं. "काही गोष्टी मुलीनं माझ्यापाशी ठेवायला दिल्यात. त्या सांगायला तिनं नाही म्हटलंय. कोर्टाला गरज वाटली तर तिला एकटीला आत बोलावून विचारावं."

म्हंजे बाईनं सांगतलं नाई. पोरीनंच सांगू देल्लं नाई. कोनासाठी, ते माह्याशिवाय त्या खोलीत कोनाले माहीत नव्हतं. मी सुटली होती, सरळ सरळ सुटली होती.

"ठीक आहे," जज्जबाई म्हने. "मुलीला आत घेऊ."

प्रेरणाचा हात माह्या हातात होता. थो पाझरल्यावानी ओला झाला. मंग तिले उचकी लागली. एक, दोन. मांगच्या बारीले ओकायच्या आधी अशीच उचकी लागली होती. मले समजलं, ही आत जाईन, अन् माह्यासाठी खोटं बोलन. नाई तं खरं बोलन अन् आयुष्यभर माह्या तोंडाकडं पाहनार नाई. दहा वर्साचं लेकरू ते.

मी उठली.

"म्याडमसायेब, तिले आत नोका बोलावू."

"अक्का, बस खाली!" चंद्रशेखर दातओठ खाऊन बोलला.

"तुम्ही कोण?" जज्जबाईनं इचारलं.

"मी कोनी नाई. आत्या हाय." मंग मी एका दमात सांगतलं. "शाळा चुकत नाई, हे खोटं हाय. बारा दिवस बुडाली. मी बुडवली, कापूस वेचाले. तिचे हात फाटले. ही वकीलबाई येनार म्हनून ते हात मी मेंदीनं झाकले. फाटलेल्या हातावर मेंदी लावली मी. पोरगी बोलली नाई, म्हनून मी लावत गेली. आता तिले काई इचारू नोका. मले इचारा."

प्रतीक्षानं पदर तोंडाले लावला. प्रेरणाची उचकी थांबली, का मलेच ऐकू आली नाई, सांगता येत नाई.

जज्जबाईनं बराच वेळ लिवलं. पोरगी मायजवळ, लोनारले. महिन्यातले दोन रविवार अन् उन्हाळ्याची अर्धी सुटी बापाजवळ. संपलं, असं मले वाटलं. तं अलफिया पुन्हा उभी.

"मॅडम, मुलीचं एक म्हणणं राहिलं. आत्याच्या भेटीचं वेगळं लिहावं असं तिला वाटतं. वडिलांनी आणलं नाही, तरी आत्याला एकटीनं लोणारला येऊन भेटता यावं. ती म्हणाली, आईबाबांचं नाव सगळीकडं असतं, आत्याचं कुठंच नाही."

मी पोरीकडं पाह्यलं. ती आपल्या चपलेकडं पाहत होती.

"पूर्ण नाव सांगा," जज्जबाई मले म्हने.

घ्या! सत्तावीस वर्सात हे मले कोनी इचारलं नव्हतं. नवऱ्याचं लावू, तं त्यानं टाकलेलं. बापाचं लावू, तं त्यानं पारावर बसून धाडलेलं. सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले.

"नुस्तं केसरबाई लिवा," मी म्हनलं. जज्जबाईनं तसंच लिवलं.

पोरगी गेली. तिचं दप्तर, तिचे कपडे, कंपासपेटी मीच भरून देल्ली. घरी चंद्रशेखर माह्यासंग पंधरा रोज बोलला नाई. मी वाढलेलं ताट थो सरकवून देई अन् बाहेरून काईबाई खाऊन येई. बाप म्हने, "आपल्या हातानं घर फोडलं वं तू." मी म्हनलं, "हाव." भांडाची ताकदच नव्हती. राह्यलेल्या कापसावर पुन्हा पानी आलं, थो पिवळा पडला, तरी वेचावा तं लागलाच. मी एकटी, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. पोरीची ती लहान ओटी खुंटीवर तशीच होती. काढून ठेवाचं मनात आलं नाई.

दुसऱ्या महिन्यातला पह्यला रविवार आला. भाऊ नेत नाई म्हनला. मी कोर्टाचा कागद पिशवीत घातला, चार ज्वारीच्या भाकरी अन् ठेचा बांधला, चिखलीहून यष्टी पकडली, मेहकरले बदलली. लोनारले उतरली तं बारा वाजले होते. कोनी कागद दाखवा म्हनलं तं दाखवाले थो पिशवीतून काढून हातातच धरला होता.

प्रतीक्षा पोरीले घेऊन स्टँडवरच उभी होती. तिच्या खांद्यावर शिलाईचे धागे चिकटलेले. तिनं कागद पाह्यला नाई. पान्याची बाटली पुढं केली.

"दुकानात हाय मी," ती म्हने. मंग वळून, "भाकर बांधून आनली का, अक्का?"

"हाव. पातळ नाई झाल्या यंदा," मी म्हनलं. "बोटं वळत नाईत."

तिनं दोन भाकरी घेतल्या, फडक्यात गुंडाळल्या अन् निंगून गेली.

आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. पोरीच्या अंगावर नवा फराक, वेन्या घट्ट घातलेल्या. मी इचारनार होती, शाळा कशी हाय, माय मारत तं नाई. तोंडात आलेलं गिळलं अन् गप बसली. तिनं माहे हात आपल्या मांडीवर घेतले. उलटे केले, सुलटे केले. बोटं फाटून काळी झाली होती. तिनं एका चिरेवर आपलं बोट ठेवलं, अलगद.

"आत्या," ती म्हने, "तवा मेंदी लय झोंबली होती वं."

माह्या डोळ्याले धार लागली. पुसाले हात पाहिजे तं ते तिच्या मांडीवर. मी तशीच बसली.

"अजून सांग," मी म्हनलं. "माही यष्टी साडेतीनले हाय."